गोष्टी सांगून पोट भरते का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा कोणत्या 'लाइन'ला जाणार? इंजिनीअरिंग, मेडिकल, सी. ए., कॉम्प्युटर, फार तर वकिली किंवा बँक. या यादीत गोष्ट सांगणाऱ्याला जागा नसते. एखादी मुलगी म्हणाली, "मला गोष्टी सांगायला आवडतात", तर आजी तिच्या गालावरून हात फिरवील, वडील मात्र विचारतील, "अगं, गोष्टी सांगून पोट भरतं का?" आपल्या बोलण्यातही 'उगाच गोष्टी सांगू नकोस' म्हणजे थापा मारू नकोस, कामाला लाग.

आणि तरीही, ज्यांचे बालपण देवळातल्या कीर्तनात आईच्या मांडीवर पेंगत गेले आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रल्हाद, ध्रुव, श्रावणबाळ आपल्याला कोणी पाठ करायला लावले नव्हते. ते कोणीतरी सांगितले, आपण ऐकले आणि ते राहिले. पुढे पाठ केलेले पुष्कळसे विसरलो, ऐकलेले मात्र विसरलो नाही.

गोष्ट सांगणे हा धर्माचा आणि शिक्षणाचा अगदी गाभा मानणारा एक समाज जगात आहे. ज्यू समाज. त्या समाजातल्या एका मुलीला गोष्टींचे वेड होते. त्या वेडातूनच तिला आयुष्यभराचा व्यवसाय सापडला. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिचा एक धागा थेट आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचतो.

हजानाची मुलगी

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात न्यू लंडन नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १९३४ साली तिथे पेनिनाचा जन्म झाला. वडील सॅम्युअल मँचेस्टर हे सिनेगॉगमधले हजान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे. आपल्याकडच्या बेने इस्रायली समाजातही हा शब्द रुळलेला आहे. वडिलांचा आवाज गाण्याचा, आणि बोलण्याची हातोटी गोष्टीवेल्हाळ. बायबलमधल्या, तालमूदमधल्या कथा ते लेकीला सांगत. आईच्या कथा वेगळ्या वळणाच्या असत, म्हणी आणि व्यवहारातल्या शहाणपणाने भरलेल्या.

वडिलांच्या कथांत एक पात्र पुन:पुन्हा येई. एलियाहू संदेष्टा. बायबल सांगते की हा मेला नाही, अग्निरथात बसून स्वर्गात गेला. लोकांनी मग आपापसात ठरवून टाकले की जो मेलाच नाही, तो केव्हाही परत येऊ शकतो! तो भिकाऱ्याच्या वेषात येतो, वाटसरूच्या वेषात येतो, गरिबाच्या दारात उभा राहतो, नडलेल्याचे काम करून देतो आणि ओळख पटण्याच्या आत नाहीसा होतो. जनाबाईबरोबर दळण दळणारा विठोबा ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना हा एलियाहू परका वाटणार नाही.

पेनिना मोठी झाली, कॉलेजात गेली, कोलंबिया विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकली. पुढे न्यू यॉर्कमध्ये येशिवा विद्यापीठाच्या मुलींच्या स्टर्न कॉलेजात वक्तृत्व आणि नाट्य शिकवू लागली. इथवर सारे चारचौघींसारखे. लग्नानंतर ती पेनिना श्रॅम झाली होती. १९७०च्या सुमाराला अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या एका ज्यू संस्थेत तिने पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचे काम स्वेच्छेने पत्करले. पुढ्यात आली ती ज्यू कथांची पुस्तके. मायक्रोफोनसमोर बसून ती मोठ्याने वाचताना तिला वडिलांचा, आईचा आवाज नव्याने ऐकू येऊ लागला. ज्या कथा आपण लहानपणी फुकट ऐकल्या, त्या आज कोण कोणाला सांगतो आहे? हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना.

या प्रश्नाचे उत्तर तिने स्वत:च्या कामाने दिले. ती कथा सांगू लागली, सांगायला शिकवू लागली. न्यू यॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये कथाकार म्हणून तिची नेमणूक झाली. १९८४ साली त्याच शहरात ९२व्या रस्त्यावरील प्रसिद्ध ज्यू सांस्कृतिक केंद्रात तिने ज्यू कथाकथनाचे केंद्र उभे केले. १९८७ साली तिचा मोठा कथासंग्रह निघाला. एक पिढी दुसऱ्या पिढीला सांगते त्या ज्यू कथा, असा त्याच्या नावाचा अर्थ. १९९१ साली एलियाहूच्या कथांचे स्वतंत्र पुस्तक आले. आणि १९९५ साली अमेरिकेतल्या ज्यू शिक्षकांना दिला जाणारा मानाचा कोव्हेनंट पुरस्कार तिला मिळाला. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो पुरस्कार लेखिकेला किंवा अभिनेत्रीला दिलेला नव्हता. तो शिक्षिकेला दिलेला होता.

सांग, असा आदेश

गोष्टी सांगणारी बाई 'शिक्षिका' कशी ठरली? ते समजायचे तर ज्यू परंपरेचा स्वभाव पाहायला हवा.

मिसरच्या गुलामगिरीतून मोशेने इस्रायली लोकांना सोडवले, ही ज्यूंची मूळ कथा. बायबलमधल्या 'निर्गम' या ग्रंथात या सुटकेच्या वर्णनातच एक आज्ञा येते: त्या दिवशी हे आपल्या मुलाला सांग. लक्षात घ्या, नुसते 'लक्षात ठेव' नव्हे, 'सांग'. दरवर्षी वल्हांडणाच्या सणात रात्री कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती जमते आणि ही कथा वाचली, गायली, सांगितली जाते. जे पुस्तक समोर ठेवतात त्याचे नाव हगादा. या शब्दाचा अर्थच मुळी 'सांगणे'!

त्या रात्रीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. सुरुवात वडीलधाऱ्यांच्या प्रवचनाने होत नाही. घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मग उत्तर म्हणून कथा. हगादामध्ये चार प्रकारची मुले सांगितली आहेत. एक शहाणा, एक उद्धट, एक भोळा आणि एक असा की ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. प्रत्येकाला वेगळ्या रीतीने सांगावे, आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी आपणच सुरुवात करावी, असे तिथे म्हटले आहे. बी. एड.च्या वर्गात 'विद्यार्थ्यांमधील व्यक्तिभेद' या मथळ्याखाली जे शिकवतात, ते इथे शेकडो वर्षांपासून जेवणाच्या टेबलावर चालत आले आहे.

तालमूदमध्ये दोन प्रवाह मानले जातात. एक हलाखा, म्हणजे कसे वागावे याचे नियम. दुसरा अगादा, म्हणजे कथा, दंतकथा, बोधवचने. नियम सांगायला पंडित लागतो. कथा सांगायला? पूर्व युरोपात 'मगिद' नावाचे फिरते प्रवचनकार गावोगाव जात आणि दृष्टान्तांतून धर्म सांगत. त्यांच्यातला दुब्नो गावचा मगिद, याकोब क्रान्झ (१७४१–१८०४), फार गाजला. त्याला विचारले म्हणे, प्रत्येक विषयाला नेमका दृष्टान्त तुम्हाला सापडतो कसा? त्याने उत्तरादाखल गोष्टच सांगितली. एका गावातल्या भिंतीवर खडूची वर्तुळे होती आणि प्रत्येकाच्या बरोबर मध्यभागी बाण रुतलेला. पाहणारा थक्क झाला. कोण हा धनुर्धर? तर एक पोरगा पुढे आला आणि म्हणाला, त्यात काय, मी आधी बाण मारतो, मग भोवती वर्तुळ काढतो! मगिद म्हणाला, माझेही तसेच. मी आधी गोष्टी जमवून ठेवतो. विषय नंतर त्यांच्याभोवती आखतो.

हसण्यावारी नेण्यासारखे हे उत्तर नाही. चांगला शिक्षक काय करतो? त्याच्या गाठीशी आधी भांडार असते. धडा नंतर येतो.

डॉक्टरकी सोडलेला माणूस

असे असले तरी आवड वेगळी आणि व्यवसाय वेगळा. अमेरिकेत गेलेल्या ज्यूंची मुले सरकारी शाळांत जाऊ लागली, इंग्रजी बोलू लागली. घरातली परंपरा आपोआप पुढे जाईना. तेव्हा शिकवण्याची काहीतरी व्यवस्था करणे भाग पडले. फिलाडेल्फियात रिबेका ग्राट्झ या बाईंनी १८३८ साली रविवारची हिब्रू शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या स्त्रियाच होत्या. बायबलच्या कथा हा तिथल्या शिक्षणाचा मोठा भाग. तोवर धर्मशिक्षण म्हणजे पुरुषांचे क्षेत्र. स्त्रियांना या क्षेत्राचे दार उघडले ते गोष्टींमुळे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पुढचे पाऊल सॅमसन बेंडर्ली (१८७६–१९४४) यांचे. मूळचे सफेद या गावचे, आजच्या इस्रायलमधले. बाल्टिमोरला येऊन ते डॉक्टर झाले. घरच्यांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो! आणि या गृहस्थांनी डॉक्टरकी सोडली, ज्यू मुलांना शिकवण्याचे काम पत्करले. १९१० साली न्यू यॉर्कमध्ये ज्यू शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ निघाले, त्याचे ते प्रमुख झाले. तरुण शिक्षकांची एक पिढीच त्यांनी तयार केली. ज्यू शिक्षण हा पूर्णवेळ करण्याचा व्यवसाय आहे, त्याला प्रशिक्षण लागते, त्याला प्रतिष्ठा हवी, ही जाणीव अमेरिकेत रुजली ती या लोकांमुळे.

या वाटेवर सारी फुलेच पसरली आहेत असे नाही. संध्याकाळच्या आणि रविवारच्या शाळा, अर्धवेळ नोकऱ्या, दिवसभराच्या शाळेने दमलेली मुले हे सारे तिथेही आहे. आणि नुसती आवड पुरत नाही. हिब्रू यावी लागते, ग्रंथ वाचावे लागतात, टीकाकारांनी काय म्हटले ते माहीत असावे लागते. आपल्याकडच्या कीर्तनकाराला वृत्ते, राग, पुराणे आणि संतवाङ्मय अवगत असावे लागते, तसेच.

मूर्ती फोडणारा मुलगा

खरी कसोटी मात्र वर्गात लागते. एक उदाहरण देतो.

ज्यू मुले फार लहानपणी एक गोष्ट ऐकतात. अब्राहामाचा बाप तेरह मूर्ती विकत असे. एकदा तो दुकान मुलावर सोपवून बाहेर गेला. मुलाने हातोडा घेतला, सगळ्या मूर्ती फोडल्या, फक्त सर्वांत मोठी ठेवली आणि हातोडा तिच्या हातात दिला. बाप परत येऊन ओरडला, "हे कोणी केलं?" मुलगा म्हणाला, "या मोठ्याने. नैवेद्यावरून त्यांचं भांडण झालं." बाप म्हणाला, "मूर्ख बनवतोस? त्यांना काय हालता येतं?" "बाबा, तुम्ही काय म्हणालात ते तुमच्याच कानांनी ऐका," मुलगा म्हणाला.

आपण मूर्तिपूजक, या कथेचा रोख आपल्याला बोचेल. पण घटकाभर तो बाजूला ठेवून आतला बाप आणि मुलगा पाहा. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण तीत एक मूल बापाला प्रश्न विचारते. गंमत पुढेच आहे. थोडी मोठी झाल्यावर मुले बायबल उघडतात आणि ही गोष्ट तिथे नसतेच! ती मिद्राश या नंतरच्या वाङ्मयातली. बायबलमध्ये अब्राहाम एकदम पंच्याहत्तर वर्षांचा असताना देवाची हाक ऐकून घर सोडतो. हाच माणूस का निवडला, हे तिथे लिहिलेले नाही. ती रिकामी जागा पुढच्या पिढ्यांनी गोष्टीने भरली.

आता समोरचा मुलगा विचारतो, "म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत?" इथे शिक्षकाची परीक्षा असते. जो नुसता कथाकार आहे तो गडबडेल. जो नुसता पंडित आहे तो पोराला गप्प बसवील. ज्याच्यापाशी दोन्ही आहे तो म्हणेल, "बरोबर पकडलंस. आता सांग, ही गोष्ट कोणाला आणि का रचावीशी वाटली असेल?" त्या क्षणी गोष्ट ऐकणारे मूल ग्रंथ वाचणारे विद्यार्थी होते.

याहून अवघड कथा आहेत. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम स्वत:च्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो आणि शेवटच्या क्षणी त्याला थांबवले जाते. ही कथा ज्यू नववर्षाच्या सणात सिनेगॉगमध्ये वाचतात. ती गुळगुळीत करून सांगता येत नाही. चिलया बाळाची कथा ऐकताना आपल्याकडे ज्यांच्या पोटात गोळा आला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या शिक्षकाला ही कथा सांगताना स्वत:ला काही वाटत नाही, त्याने ती सांगू नये. उत्तर तयार नसतानाही मुलांसमोर उभे राहण्याचे धैर्य हा या व्यवसायाचा अलिखित अभ्यासक्रम आहे.

एलियाहू कोकणात

आता तो कोकणाचा धागा. न्यू लंडनच्या हजानाच्या कथांतला एलियाहू अलिबागच्या परिसरातही आहे.

बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. बरोबरचे ग्रंथ समुद्राने गिळले. शेकडो वर्षे हे लोक कोकणातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत राहिले, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. हिब्रू विसरले, ग्रंथ नव्हते. उरले काय? शनिवारची सुटी, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, 'शेमा' ही प्रार्थना आणि एलियाहू हन्नबी. नवस फेडायला पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून मलिदा करावा आणि एलियाहूचे नाव घ्यावे, ही चाल आजही आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या म्हणून दाखवतात त्या खुणा आहेत. 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणून ती जागा ओळखतात. स्वर्गात जाताना त्याचा रथ इथे टेकला, अशी श्रद्धा. बुडालेल्या ग्रंथांतला एक माणूस जणू पोहून किनाऱ्याला लागला!

एकोणिसाव्या शतकात या समाजाला ग्रंथ पुन्हा मिळाले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांतून मराठी बायबल आले. वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेली सचित्र हगादा तर प्रसिद्धच आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली.

पण ग्रंथ आणि शाळा आल्या तरी खेड्यापाड्यांतल्या, मराठीच जाणणाऱ्या बायामाणसांपर्यंत या कथा पोहोचणार कशा? समाजातल्या काही तरुणांनी शेजारच्या हिंदू देवळांत काय चालते ते पाहिले आणि १८८०च्या सुमारास बेने इस्रायली कीर्तन जन्माला आले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले एक प्रमुख नाव. साकी, दिंडी, ओवी, पद हे सगळे आपल्याच ठेवणीतले; कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. ज्या भाषेत शेजारी रामकथा ऐकत होते, त्याच भाषेत आणि त्याच चालींत हे लोक आपली विसरलेली कथा शिकले. १९४८नंतर बहुसंख्य बेने इस्रायली हळूहळू इस्रायलला गेले. तिथेही स्त्रियांनी ही मराठी पदे जपली. अमेरिकेतल्या संगीताभ्यासक अॅना शुल्ट्झ यांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

याच समाजात रिबेका रूबेन (१८८९–१९५७) झाल्या. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. इंग्लंडला जाऊन शिकून आल्या आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे केहिमकरांच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. एवढ्या गुणांच्या मुलीला दुसऱ्या वाटा नव्हत्या असे नाही. तिने शाळा निवडली.

दार उघडणारे मूल

तेव्हा, गोष्टी सांगून पोट भरते का? भरते, पण नुसत्या गोष्टींवर नाही. श्रॅमबाई कॉलेजात शिकवत होत्या, रूबेनबाई शाळा चालवत होत्या. गोष्टीची आवड त्यांना कामाच्या दारापर्यंत घेऊन गेली. आत टिकून राहायला अभ्यास, भाषा आणि रोज मुलांसमोर उभे राहण्याची चिकाटी लागली. आपल्या घरातल्या मुलीने उद्या असे काही म्हटले तर एवढे तिला जरूर सांगावे. 'पोट भरतं का' एवढेच विचारून मात्र थांबू नये.

आणि ज्यांना व्यवसाय करायचा नाही त्यांचे काय? तो हजान काही लेकीचे करिअर घडवायला बसला नव्हता. संध्याकाळी घरात होता, मुलगी जवळ होती, त्याला गोष्टी येत होत्या. आज घराघरांत मुलाच्या हाती मोबाइल देऊन जेवण भरवले जाते. त्या पडद्यावर गोष्टी भरपूर आहेत, आपल्यापेक्षा किती तरी रंगीत. पण मूल मध्येच "मग तो का गेला?" असे विचारते तेव्हा पडदा थांबत नाही. सांगणारा माणूस थांबतो.

वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक पेला जास्तीचा भरून ठेवतात, एलियाहूसाठी. मग बहुधा एखाद्या लहान मुलाला सांगतात, जा, दार उघड. मूल पळत जाऊन दार उघडते. बाहेर अंधार असतो, कोणीच नसते. मूल परत येऊन पेल्यात निरखून पाहते, थोडे कमी झाले का? मोठी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात आणि गोष्ट पुढे सुरू होते.